फ्लास्कवरील एपीआयमध्ये एकच आवक-पावती दोनदा नोंदली जाते : फ्रेमवर्क बदलावे की रचना?

प्रश्न : कळमना_गाळा

नमस्कार.

माझ्या मामांचे नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे अडत दुकान आहे. गेल्या वर्षापर्यंत आवकेच्या पावत्या कार्बन लावलेल्या पुस्तकात लिहिल्या जात आणि रात्री इतवारीतल्या घरी बसून दिवाणजी त्या वहीत उतरवून घेत. यंदा अंबिया बहाराची आवक सुरू होण्यापूर्वी मी त्यांच्यासाठी एक लहानसा एपीआय, म्हणजे मोबाइलकडून आलेल्या विनंत्यांना उत्तर देणारा सर्व्हरवरील प्रोग्रॅम, लिहिला. काट्याजवळचा माणूस मोबाइलमधील अ‍ॅपवर शेतकऱ्याचे नाव, गाव, गाडीचा क्रमांक आणि वजन भरतो. अ‍ॅप ती माहिती जेसन स्वरूपात सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर पावतीला क्रमांक देऊन ती साठवतो आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो. फ्लास्क हे पायथनचे फ्रेमवर्क, एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस आणि भाड्याच्या एका लहान सर्व्हरवर फ्लास्क चालवणाऱ्या गनिकॉर्नचे विनंत्या हाताळणारे ३ वर्कर, एवढाच सारा पसारा आहे. सगळा एपीआय एका फाइलमध्ये मावतो आणि मामांनी कधी विचारले तर ओळीवर बोट ठेवून समजावता येतो, हे मला फार आवडले होते.

घरी चाचणी घेताना काहीही अडले नाही. बाजारात मात्र पहाटे काटोल-नरखेडकडच्या गाड्या एकामागून एक लागल्या की पुढील प्रकार घडतात. एकाच गाडीची पावती दोनदा नोंदली जाते आणि शेतकऱ्याला वेगवेगळ्या क्रमांकांचे दोन एसएमएस मिळतात. कधी कधी ‘डेटाबेस लॉक झालेला आहे’ असा संदेश लॉगमध्ये दिसतो आणि अ‍ॅपला ५०० हा दोषक्रमांक जातो. आणि दोन वेळा तर एकाच पावती क्रमांकाचा एसएमएस दोन निरनिराळ्या शेतकऱ्यांना गेला. त्यांपैकी एका वेळी पहिल्या शेतकऱ्याची नोंदच डेटाबेसमध्ये नव्हती. तो गृहस्थ मोबाइल दाखवत गाळ्यावर उभा आणि आमच्याकडे त्याच्या मालाची पावती नाही, या प्रसंगानंतर मामांनी पुन्हा कार्बनचे पुस्तक काढले आहे.

उपाय म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ग्लोबल डिक्शनरी, म्हणजे स्मृतीत राहणारी सामाईक यादी, ठेवली. गेल्या पाच मिनिटांतील पावत्यांचे नाव, गाडी क्रमांक आणि वजन तिच्यात राहते आणि तीच माहिती पुन्हा आली तर ती नाकारली जाते. घरी हा उपाय चालला, सर्व्हरवर कधी चालतो, कधी नाही. मित्रांचे म्हणणे असे की फ्लास्क हे खेळण्यातले फ्रेमवर्क असून जँगो किंवा फास्टएपीआय घेतल्याशिवाय हे मिटणार नाही. हंगाम सुरू असताना सगळे नव्याने लिहिण्याची माझी तयारी नाही, पण त्यावाचून गत्यंतर नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.

उत्तर : सदर_बॅकएंड

फ्रेमवर्कविषयी नंतर बोलू. पावती नोंदवणाऱ्या फंक्शनमध्ये कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने होते, आणि विशेषतः कमिट, म्हणजे डेटाबेसमधले बदल पक्के करणे, नेमके कुठे आहे, ते आधी लिहा. अ‍ॅप उत्तरासाठी किती सेकंद थांबते आणि त्यानंतर काय करते, हेही सांगा.

कळमना_गाळा

क्रम असा आहे : आतापर्यंतचा सर्वांत मोठा पावती क्रमांक वाचून त्यात एक मिळवणे, पावतीची ओळ इन्सर्ट करणे, एसएमएस सेवेच्या एपीआयला विनंती पाठवणे, तिच्याकडून आलेला संदर्भ क्रमांक त्याच ओळीत भरणे, आणि अखेरीस कमिट. संदर्भ क्रमांकासह ओळ पूर्ण झाल्यावरच ती पक्की व्हावी, असा त्यामागील विचार होता. अ‍ॅप १० सेकंद थांबते. उत्तर आले नाही किंवा ५०० आले तर तीच पावती पुन्हा पाठवते.

उत्तर : सदर_बॅकएंड

मग दोष सापडला, आणि तो फ्लास्कचा नाही. तुम्ही सांगितलेले प्रकार वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेक सगळे एसएमएसच्या विनंतीपाशी येऊन मिळतात.

पायथनचे एसक्यूलाइटसाठीचे मॉड्यूल इन्सर्ट होण्यापूर्वी स्वतःहून ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडते आणि तुम्ही कमिट म्हणेपर्यंत ते उघडेच राहते. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येते. म्हणजे एसएमएस सेवा उत्तर देईपर्यंत तुमचा एक वर्कर संपूर्ण डेटाबेसचे लेखन अडवून बसलेला असतो. दुसरी गाडी लागली की दुसरा वर्कर त्या कुलपासमोर उभा राहतो. या मॉड्यूलची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ५ सेकंदांची आहे आणि ती संपताच तो ‘लॉक’चा दोष देऊन मोकळा होतो. लॉगमधला संदेश आणि ५०० हा दोषक्रमांक तेथून आला. घरी चाचणी घेताना तुम्ही एकटेच पावती भरत होता, त्यामुळे कुलपासमोर दुसरे कोणी नव्हतेच.

आता दोनदा होणाऱ्या नोंदीकडे या. एसएमएस सेवेने १२ सेकंद घेतले असे धरा. दहाव्या सेकंदाला अ‍ॅप कंटाळून तीच पावती पुन्हा पाठवते, परंतु पहिली विनंती मेलेली नसते. ती बाराव्या सेकंदाला निमूटपणे कमिट होते. पोचपावतीसह टपाल पाठवणाऱ्याला हे चटकन समजेल : पत्र पोहोचले होते, हरवली ती पोच, आणि पोच आली नाही म्हणून पाठवणाऱ्याने तेच पत्र पुन्हा टाकले. उत्तर न येणे याचा अर्थ काम न होणे असा नाही, ही गोष्ट नेटवर्कवरून चालणाऱ्या कोणत्याही एपीआयमध्ये गृहीत धरावी लागते. एसएमएस सेवा उद्या विजेच्या वेगाने उत्तर देऊ लागली, तरी बाजारातल्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क नेमके उत्तर येतानाच जाऊ शकते आणि तुम्ही पुन्हा तेथेच याल.

एकच क्रमांक दोघांना जाण्याला दोन वाटा आहेत. ज्या वेळी पहिल्या शेतकऱ्याची नोंदच नव्हती, त्या वेळच्या गनिकॉर्नच्या लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ हे शब्द शोधा. मला ते सापडतील असे वाटते. तुम्ही बाहेरच्या विनंतीसाठी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरत असाल आणि तिला कालमर्यादा सांगितली नसेल, तर ती उत्तराची वाट कितीही वेळ पाहते. गनिकॉर्न मात्र ३० सेकंद हालचाल न करणाऱ्या सिंक वर्करला (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या, तुमच्याकडे आहेत तशा) ठार करून नवा उभा करतो. एसएमएस निघून गेला, वर्कर मेला, कमिट झालेच नाही, ओळ रद्द झाली आणि तो क्रमांक मोकळा होऊन पुढच्या गाडीला मिळाला. दुसरी वाट अधिक साधी आहे : दोन वर्करांनी एकाच क्षणी सर्वांत मोठा क्रमांक वाचला, दोघांनाही तोच आकडा मिळाला आणि दोघांनीही त्यात एक मिळवला. दोन्ही नोंदी जागेवर असताना क्रमांक एकच निघाला असेल, तर तो या वाटेने आलेला आहे.

तुमची ग्लोबल डिक्शनरी का फसली, हे आता ओळखले असेल. गनिकॉर्नचे ३ वर्कर ही ३ स्वतंत्र प्रोसेस आहेत आणि प्रत्येकीची स्मृती निराळी आहे. पहिल्या वर्करच्या डिक्शनरीत काय आहे, हे दुसऱ्याला कळत नाही. घरी फ्लास्कचा विकासासाठीचा सर्व्हर एकाच प्रोसेसमध्ये चालत होता. शिवाय नाव, गाडी आणि वजन जुळले म्हणजे पावती तीच, हे गृहीतकही मला धोक्याचे वाटते. एकाच शेतकऱ्याच्या एकाच गाडीतून दोन दर्जांचा माल उतरून दोन्हींचे वजन सारखे भरणे अशक्य नाही, आणि त्या वेळी तुमचा प्रोग्रॅम खरी पावती नाकारील.

पावतीची ओळख मोबाइलवरच ठरली पाहिजे. कोरा फॉर्म उघडताना अ‍ॅपने एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही पावतीशी न जुळणारी ओळख, तयार करावा, तो फॉर्मसोबत मोबाइलमध्ये साठवावा आणि सर्व्हरकडून यशाचे उत्तर येईपर्यंत प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावा. ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर तो तयार करू नका. तसे केले तर प्रत्येक दाबण्याला नवी ओळख मिळेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. सर्व्हरवर या स्तंभाला युनिक निर्बंध (तेच मूल्य दोनदा न स्वीकारण्याचा नियम) लावा आणि सरळ इन्सर्ट करा. इन्सर्ट झाले तर २०१ हा स्थितिक्रमांक द्या. निर्बंध आडवा आला तर आधीची ओळ वाचून तीच पावती २०० सह परत द्या, म्हणजे अ‍ॅपच्या दृष्टीने दोन्ही वेळी काम झाले. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असे प्रोग्रॅममध्ये लिहू नका, कारण शोधणे आणि घालणे यांच्या मधल्या फटीत दुसरा वर्कर शिरतो. ते भांडण डेटाबेसलाच सोडवू द्या. ओळख तीच पण वजन वेगळे अशी विनंती आली, तर ४०९ द्या आणि दोन्ही वजने पडद्यावर दाखवा. पहिला प्रयत्न फसला असे समजून काट्यावरच्या माणसाने मधल्या वेळात आकडा सुधारला असेल, तर कोणते वजन खरे हे दिवाणजींनी सांगायचे आहे, प्रोग्रॅमने नव्हे.

ही विनंती एचटीटीपीच्या पोस्ट पद्धतीने करावी की पुटने, याची फार चिकित्सा करू नका. एचटीटीपीच्या व्याख्येनुसार पुट आयडेम्पोटंट आहे, म्हणजे तीच विनंती एकदा केली काय आणि पाच वेळा केली काय, सर्व्हरवरील अपेक्षित परिणाम एकच. पोस्टला ही हमी नाही. ओळख मोबाइलकडूनच येत असल्याने विनंतीच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) ती घालून पुट करणे मला अधिक सरळ वाटते, परंतु वरील निर्बंध नसेल तर पुट हे नाव काहीच वाचवणार नाही.

पावती क्रमांकासाठी ट्रान्झॅक्शन लेखनाचे कुलूप सुरुवातीलाच घेणाऱ्या ‘बिगिन इमिजिएट’ या आज्ञेने स्वतः सुरू करा, त्याच्या आत सर्वांत मोठा क्रमांक वाचा, ओळ घाला आणि लगेच कमिट करा, क्रमांकाच्या स्तंभालाही युनिक लावा. पायथनच्या मॉड्यूलवर हे सोपवू नका, कारण ते ट्रान्झॅक्शन इन्सर्टपाशी उघडते आणि तुमचे वाचन त्याच्या आधीच होऊन गेलेले असते. एसएमएस या मार्गातून पूर्ण बाहेर काढा : ‘पाठवायचे संदेश’ असे एक टेबल करा, पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात एक ओळ घाला आणि दर काही सेकंदांनी ते टेबल वाचून संदेश पाठवणारी एक वेगळी छोटी प्रोसेस ठेवा. तिच्या बाहेरच्या विनंतीला ५ सेकंदांची मर्यादा घाला. पावती रद्द झाली तर तिचा संदेशही रद्द होतो, आणि संदेश अडकला म्हणून काटा अडत नाही. संदेश पाठवल्यावर तशी खूण करण्याआधीच ही प्रोसेस पडली, तर शेतकऱ्याला एसएमएस दोनदा मिळू शकतो, परंतु दोन्हींतील क्रमांक तोच असेल. ते चालण्यासारखे आहे. यासाठी सेलेरी आणि रेडिस ही कामांची रांग चालवणारी साधने उभी करण्याचा सल्ला कोणी दिला, तर एका अडत दुकानासाठी तो कृपया मानू नका.

उत्तर : आयटीपार्क_परिसर

निदान पटले, तरी मी दुसरी बाजू मांडतो. फ्लास्क २०१० साली आले तेव्हाचा काळ निराळा होता. कर्त्याने, आर्मिन रोनाखरने, त्याआधी १ एप्रिलची थट्टा म्हणून एका फाइलमधले फ्रेमवर्क प्रसिद्ध केले होते आणि त्या थट्टेला मिळालेल्या प्रतिसादातून फ्लास्क उभे राहिले. गाभा लहान ठेवायचा आणि बाकीचे निर्णय लिहिणाऱ्यावर सोपवायचे, हे त्याचे तत्त्व अनुभवी माणसाला सोयीचे आहे. नवख्याला मात्र कोणते निर्णय आपल्यावर सोपवले गेले आहेत, याचीच कल्पना नसते. प्रश्नकर्त्यांचे नेमके तेच झाले.

२०१८ मध्ये आलेले फास्टएपीआयही हलकेच आहे, पण त्यात पावतीचे स्वरूप टाइप-हिंटमध्ये (कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती, हे सांगणाऱ्या खुणांत) एकदा लिहिले की तपासणी आपोआप होते. वजनाच्या जागी मजकूर आला किंवा गाडी क्रमांक गाळला गेला तर तुमच्या फंक्शनपर्यंत विनंती पोहोचतच नाही. ४२२ या स्थितिक्रमांकासह नेमके कोणते रकाने चुकले ते अ‍ॅपला कळते. ओपनएपीआय या प्रमाणित स्वरूपात एपीआयचे वर्णन करणारे दस्तऐवज पानही फुकटात तयार होते. फ्लास्कमध्ये ही तपासणी हाताने लिहावी लागते आणि ती अर्धवट राहते, असा माझा अनुभव आहे. हंगामात नको, पण मृग बहाराची आवक फेब्रुवारीत सुरू होण्यापूर्वी स्थलांतराचा विचार जरूर करावा.

उत्तर : सदर_बॅकएंड

तपासणीविषयीचे म्हणणे मान्य आहे, आणि केवळ त्यासाठी कोणी फास्टएपीआय निवडले तर मी हरकत घेणार नाही. परंतु याच कळमन्याच्या फंक्शनला ‘असिंक डेफ’ (वाट पाहताना इतर कामांना वाव देणाऱ्या फंक्शनची खूण) लावून, आतली एसएमएसची विनंती तशीच ठेवून ते फास्टएपीआयवर नेले, तर काय होईल ते पाहा. असिंक फंक्शनच्या आत अडवून धरणारी विनंती असेल, तर त्या प्रोसेसचा पूर्ण इव्हेंट लूप, म्हणजे सगळ्या विनंत्या आळीपाळीने पुढे नेणारे चक्र, थांबतो. एका पावतीबरोबर त्या प्रोसेसकडे आलेल्या बाकीच्या सर्व विनंत्याही थांबतात. साधे ‘डेफ’ लिहिले तर काम थ्रेडपूलमध्ये, म्हणजे बाजूला चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडवर, जाते आणि हा धोका टळतो, पण हा फरक नवख्याला ठाऊक असतो का? स्थलांतराने तपासणी सुधारेल. कमिटची जागा मात्र स्वतःहून बदलणार नाही.

कळमना_गाळा

आपणा दोघांचेही आभार. लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ सापडले, आणि त्याची वेळ त्या शेतकऱ्याला गेलेल्या एसएमएसच्या वेळेशी जुळते. शनिवारी आणि रविवारी बसून यूयूआयडी, दोन्ही युनिक निर्बंध आणि संदेशांचे वेगळे टेबल हे सर्व केले. फाइल साधारण ६० ओळींनी वाढली. घरी सर्व्हरचे उत्तर मुद्दाम १५ सेकंद रोखून तीच पावती ५ वेळा पाठवून पाहिली. नोंद एकच झाली आणि पाचही वेळा तोच क्रमांक परत आला. एसक्यूलाइटचा जर्नल मोडही ‘वॉल’वर (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीवर) नेला आहे, त्यामुळे दिवाणजी अहवाल पाहत असताना काट्यावरचे लेखन अडत नाही. सोमवारपासून आठवडाभर कार्बनचे पुस्तक आणि अ‍ॅप दोन्ही चालवायचे, असे मामांशी ठरले आहे.

तपासणी लिहिताना एक मजेदार गोष्ट आढळली. काट्यावरचा माणूस वजन देवनागरी अंकांत भरतो. जेसनमध्ये देवनागरी अंक संख्या म्हणून चालत नाहीत, म्हणून अ‍ॅप ते मजकूर म्हणून पाठवते. पण पायथनमधील दशांश संख्यांचे डेसिमल ‘१२.५’ हा मजकूरही विनातक्रार संख्येत बदलते. त्यामुळे ते काम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले.

एकच अडचण उरली आहे. गावाच्या नावाने शोध घेणाऱ्या पत्त्यावर ‘कुऱ्हा’ टाकले की निम्म्याच पावत्या येतात. पडद्यावर सर्व नावे अगदी सारखी दिसतात.

उत्तर : महाल_युनिकोड

दिसतात सारखी, साठवलेली आहेत वेगळी. ‘ऱ्ह’ दोन पद्धतींनी टंकता येतो : काही कीबोर्ड ऱ, हलन्त आणि ह पाठवतात, तर काही साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारे चिन्ह) आणि ह पाठवतात. काट्यावर दोन मोबाइल वापरात असावेत. एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले असल्यास ते एका रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने हे मिटेल असे वाटते, पण मिटत नाही, कारण मधला जोडक त्या नियमांना दिसत नसल्यासारखाच राहतो. एपीआयच्या दारातच ‘र, हलन्त, जोडक’ या तिन्हींच्या जागी ‘ऱ, हलन्त’ बसवा, त्यानंतर एनएफसी करा, आणि शोधासाठी आलेल्या मजकुरावरही नेमके हेच फंक्शन चालवा. जुन्या ओळी एकदा दुरुस्त करून घ्याव्या लागतील. ‘वऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ ही आडनावेही तपासा. विदर्भात ती कमी नाहीत.

कळमना_गाळा

दोन मोबाइल आहेत हे खरे, आणि एक मामांचा जुना आहे. दुरुस्ती केली, आता कुऱ्ह्याच्या सगळ्या पावत्या येतात. पण त्याच जुन्या मोबाइलवर अ‍ॅपची आधीची आवृत्ती आहे, ती यूयूआयडी पाठवत नाही. ओळख नसलेल्या विनंतीला सर्व्हरने स्वतः यूयूआयडी तयार करून द्यावा का?

उत्तर : सदर_बॅकएंड

देऊ नका. सर्व्हरने दिलेली ओळख प्रत्येक प्रयत्नात नवी असेल, म्हणजे त्या मोबाइलपुरता जुना दोष तसाच राहील आणि नव्या रचनेवर त्याचे खापर फुटेल. ओळख नसेल तर ४०० द्या आणि उत्तराच्या मजकुरात ‘अ‍ॅप अद्ययावत करा’ असे मराठीत लिहा. फक्त सोमवारी पहाटे गाड्या लागण्यापूर्वी तो मोबाइल मामांकडून मागून घ्या आणि अ‍ॅप स्वतः बदलून द्या.